रिडेव्हलपमेंटचा प्लॅन हातात आलाय? मग नुसतं कार्पेट बघू नका

सोसायटी रिडेव्हलपमेंटला जायची म्हटलं की मीटिंगमधले पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्रफळ) किती वाढवून देणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती आणि भाडं किती. प्रश्न बरोबरच आहेत, पैशाचा मामला आहे, विचारायलाच पाहिजेत. पण बिल्डिंग नक्की असणार कशी हे कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारलंच तर थ्रीडी चित्र दाखवतात, वर निळं आकाश, खाली हिरवळ, लॉबीत सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली एक बाई. झालं, सगळे खूश. आता बघा, भाडं पझेशनला बंद होतं, कॉर्पस मेंटेनन्समध्ये जिरतो, पण लिफ्ट, जिना, पॅसेज, डक्ट (पाइप आणि हवेसाठीचा उभा बोळ), पार्किंग, पाण्याची टाकी हे पुढची पन्नास वर्षं रोज वापरायचंय, आणि हे सगळं कागदावर असतानाच बदलता येतं, नंतर नाही.

मी आर्किटेक्ट आहे, सोसायट्यांच्या बाजूने प्लॅन तपासून द्यायची कामं बरीच करतो, त्यामुळे खालचं सगळं मुंबई-ठाणे-पुणे डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. कायद्याची बाजू इथे फार उगाळत नाही. एवढंच लक्षात ठेवा की सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्यात आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमण्यापासून टेंडरपर्यंत सगळा क्रम दिलाय, आणि बिल्डर निवडायला एकूण मेंबरांपैकी ५१ टक्के लागतात. बांधकामाची नियमावली म्हणाल तर मुंबईला डीसीपीआर २०३४ लागू, पुण्यासकट राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासूनचं यूडीसीपीआर. सेल्फ रिडेव्हलपमेंट करत असाल, म्हणजे सोसायटीच बिल्डर, तर आर्किटेक्ट तुमचाच असतो आणि खालच्या निम्म्या मारामाऱ्या वाचतात.

पहिली पायरी: प्लॅन बघायच्या आधी आपली यादी करा

हे काम टेंडरच्या आधीचं. दोन-तीन जणांनी वही घेऊन घरोघर जायचं आणि विचारायचं. गूगल फॉर्म नको, सीनियर लोक भरत नाहीत आणि बाकीचे "ओके" लिहून मोकळे होतात. काय विचारायचं? घरात माणसं किती, साठीच्या वरचे किती, कोणी वॉकर किंवा व्हीलचेअरवर आहे का, गाड्या किती, टू-व्हीलर किती (या नेहमी अंदाजापेक्षा जास्त निघतात), घरून काम कोण करतं, शिकवण्या किंवा डबे किंवा शिवणकाम घरातून कोण चालवतं, गणपती कोणाकडे दीड दिवस आणि कोणाकडे दहा, म्हणजे हॉलमध्ये एका वेळी किती माणसं मावायला हवीत.

मग जुन्या बिल्डिंगची यादी. यात काय वाईट आहे ते सगळे सांगतातच, गळती, प्लास्टर, गंजलेल्या सळया. पण काय चांगलं आहे तेही लिहा. जिन्यात खिडकी आहे त्यामुळे दिवसा लाइट लावावा लागत नाही, मागच्या बाजूला वारा येतो, तळमजल्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी काकू मंडळी बसतात, गच्चीवर कुरडया वाळतात. नव्या प्लॅनमध्ये नेमक्या याच गोष्टी गायब होतात, कारण त्या कोणी मागितलेल्याच नसतात आणि बिल्डरला त्यांचे पैसे मिळत नाहीत.

आणि जुन्या घरांची मापं आत्ताच, सोसायटीच्या माणसाकडून, प्रत्येक फ्लॅटची वेगळी घेऊन ठेवा. "३५ टक्के जास्त" हे कशावर ३५ टक्के, हा वाद पुढे हमखास होतो. रेराच्या (घरबांधणी-विक्रीवरचा कायदा) व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे ६०० फुटांच्या टू बीएचकेमध्ये आतल्या भिंती साठेक फूट लांब आणि प्लास्टरसकट पाच इंच जाड धरल्या तर २५ स्क्वेअर फूट भिंतीतच गेले, तिथे लादी नाही. जुनं माप लादीवरचं आणि नवं माप रेराचं, असं झालं तर वाढ दिसते तेवढी नसते. दोन्ही मापं एकाच पद्धतीने काढून घ्या.

दुसरी पायरी: योग्य ड्रॉइंग मागा

ब्रोशरचा प्लॅन हा प्लॅन नव्हे, त्यात बेड मुद्दाम छोटे काढलेले असतात हे मी अनेकदा स्केल लावून बघितलंय, पाच फुटांचा डबल बेड आणि दीड फुटाचं कपाट. मागायचं काय ते सांगतो: साइट प्लॅन (उत्तर दिशा, शेजारच्या बिल्डिंगांची उंची आणि अंतर यांसकट), स्टिल्ट किंवा पोडियमचा, म्हणजे खालच्या पार्किंगचा, प्लॅन कॉलम आणि गाड्या दाखवून, टिपिकल फ्लोअर (वरचे एकसारखे मजले) १:१०० ला, प्रत्येक टाइपचा फ्लॅट १:५० ला फर्निचर खऱ्या मापात काढून, टेरेस प्लॅन, आणि निदान एक सेक्शन, म्हणजे बिल्डिंग उभी कापल्यावर दिसते तसं चित्र. सेक्शन कोणी मागत नाही. पण बीम किती खाली येतो, टॉयलेटचा स्लॅब सनकन, म्हणजे खाली घेतलेला, आहे का, स्टिल्टची उंची किती, हे फक्त त्यातच कळतं.

मुंबईत अजून एक कागद मागा, कन्सेशनची यादी. प्लॉट लहान असला की नियमाप्रमाणे सोडायची मोकळी जागा कमी पडते, मग प्रीमियम भरून महापालिकेकडून ओपन स्पेस डेफिशियन्सीची सूट घेतात. सूट कायदेशीर आहे, पण ती तुमच्या बेडरूमच्या खिडकीसमोरची आहे की कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यातली, हे मेंबरला माहीत असायला हवं की नको?

प्लॅन न समजणाऱ्यांसाठी एकच रामबाण उपाय आहे. गच्चीवर किंवा कंपाउंडमध्ये खडूने, रांगोळीने, काहीही चालेल, नवा फ्लॅट खऱ्या मापात आखा. दारं कुठे तेही दाखवा. बेडच्या जागी सतरंजी घाला, घरातल्या सगळ्यांना आत उभं करा, किचनमध्ये दोन बायकांना एकमेकींना ओलांडून जायला सांगा. एका रविवारी सकाळी जे कळतं ते चार प्रेझेंटेशनमध्ये कळत नाही. आणि मेंबर भांडायला लागतात ते मुद्द्यावर भांडतात, हाही फायदा.

तिसरी पायरी: ऊन, वारा, पाऊस

आपल्याकडे पश्चिम ही सगळ्यात अवघड बाजू. दुपारनंतरचं ऊन तिथून तिरपं आत शिरतं आणि पावसाळ्यात नैऋत्येचा वारा पाऊस घेऊन तिथूनच आपटतो. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची मुंबईतली कांचनजंगा बिल्डिंग १९८३ सालची, तिथे समुद्र पश्चिमेला म्हणजे व्ह्यू तिकडे, पण ऊनपाऊसही तिकडूनच, म्हणून त्यांनी राहत्या खोल्या आत ओढून कडेला दोन मजली उंचीच्या बागा ठेवल्या, म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच वर नेला. ती श्रीमंतांची बिल्डिंग आहे, तेवढी जागा आपल्याला कोण देणार, पण युक्ती तीच वापरता येते: पश्चिमेला टॉयलेट, ड्राय बाल्कनी, कपाटाची भिंत, जिना असलं काहीतरी टाका आणि बेडरूम वाचवा.

दक्षिणेचं ऊन सोपं असतं, डिसेंबरातसुद्धा दुपारी बाराला सूर्य आपल्याकडे ४८ अंशांच्या आसपास उंच असतो, साधा दोन फुटांचा छज्जा बरंच काम करतो. पश्चिमेचा सूर्य मात्र छज्जाच्या खालून येतो, तिथे उभी पाती किंवा जाळी लागते. बाहेरून सपाट काचेची बिल्डिंग थ्रीडीत मॉडर्न दिसते म्हणून छज्जे उडवले जातात, हे अजिबात मान्य करू नका. छज्जा नाही म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ओल, मग सिलिकॉन, मग पुढच्या वर्षी परत सिलिकॉन.

वाऱ्यासाठी एकच बघायचं, फ्लॅटला दोन बाजूंना खिडक्या आहेत का. वारा आत आला की त्याला बाहेर जायला वाट पाहिजे. एका मजल्यावर सहा-आठ फ्लॅट कोंबले की मधल्या फ्लॅटना एकच बाजू मिळते, आणि जुन्या मेंबरांचे फ्लॅट नेमके तेच निघतात, कोपऱ्यातले सेलला, म्हणजे बिल्डर बाहेर विकणार त्यांत. त्यामुळे कोणता फ्लॅट कोणाचा हे प्लॅनवर लिहून मागा.

चौथी पायरी: कोअर, म्हणजे लिफ्ट, जिना आणि पॅसेज

इथे जरा थांबा, कारण बिल्डिंग चांगली की वाईट हे माझ्या मते इथेच ठरतं.

पॅसेज आधी घेऊ. गिरगावातल्या चाळींना बाहेरून उघडी गॅलरी असते, उजेड, वारा, समोरच्याशी बोलणं, सगळं तिथेच. याउलट १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या, तिथे मधोमध कॉरिडॉर आणि दोन्हीकडे १६० स्क्वेअर फुटांच्या खोल्या, म्हणून कॉरिडॉरमध्ये दिवसाही अंधार. आजच्या टॉवरचा टिपिकल फ्लोअर काढून बघा, तो बहुतेक वेळा बीडीडीचाच भाऊ असतो, फक्त लादी चकचकीत. पॅसेज जितका लहान तितकं विकायला जास्त, हा हिशेब आहे त्यामागे. तुम्ही मागायचं ते इतकंच, की पॅसेजच्या निदान एका टोकाला बाहेर उघडणारी खिडकी किंवा जाळी हवी आणि रुंदी दीड मीटर हवी. व्हीलचेअर फिरवायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. चपलांचे रॅक कुठे ठेवणार तेही आत्ताच ठरवा, दाराशेजारी एक फूट खोल कोनाडा प्लॅनमध्येच दिला तर पॅसेज मोकळा राहतो, नाही तर पहिल्या महिन्यात रॅक येतात, सहाव्या महिन्यात सायकली, आणि आग लागली तर धुरात लोक त्याला अडखळतात. दारं समोरासमोर एका रेषेत नकोत, थोडी सरकवली तरी समोरच्याचा हॉल दिसत नाही.

लिफ्ट. "आठ पॅसेंजर दोन लिफ्ट" असं लिहिलेलं असतं. आठ पॅसेंजरची लिफ्ट आतून साधारण १.३ बाय १.१ मीटर असते, तिरपं मोजलं तरी १.७ मीटर, म्हणजे स्ट्रेचर आडवं जातच नाही. पेशंटला खुर्चीत बसवून नेतात, हार्ट अटॅकवाल्याला खुर्चीत! म्हणून दोनपैकी एक लिफ्ट १३ पॅसेंजरची, आतून १.१ बाय २.१ मीटर, हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. हा शाफ्ट नंतर वाढवता येत नाही. दरवाजा ९०० मिमी क्लिअर. आणि लिफ्टची भिंत कोणाच्या बेडरूमला चिकटलेली नाही ना ते बघा, रात्री बारा वाजता ती घरघर ऐकू येते, चिकटवायचीच असेल तर किचन किंवा टॉयलेट चिकटवा.

जिना. नियमात घरांसाठी पायरीची उंची १९० मिमीपर्यंत आणि पाऊल ठेवायची जागा २५० मिमीपर्यंत खाली येऊ शकते. हे गुडघ्यांना भारी पडतं. तीन मीटर मजल्याला १५० मिमीच्या २० पायऱ्या, दहा-दहाच्या दोन फ्लाइट, पायरी ३०० मिमी, हा माझा आवडता हिशेब, थोडी जागा जास्त खातो पण लाइट गेल्यावर सत्तरीची आजीसुद्धा चढते. उंच बिल्डिंगला फायरसाठी जिना मोठा आणि बंदिस्त लागतोच, पण कमी मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये एक मीटरवर भागवायला बघतात, तिथे १.२ मीटरच्या खाली येऊ देऊ नका. लँडिंगवर फ्रिज वळवून बघा, कागदावरच. आणि बोलायला बरं वाटत नाही पण तिरडीही याच जिन्याने उतरते.

उंच बिल्डिंगला रेफ्यूज एरिया लागतो, आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा. ती कोणत्या मजल्यावर आहे, तिथे जाताना कोणाच्या फ्लॅटमधून वाट नाही ना, आणि तिथून बाहेरच्या शिडीला पोचता येतं ना, एवढं तपासा. तो एरिया कोणाचं खाजगी अंगण होता कामा नये. फायरब्रिगेडची गाडी फिरायला सहा मीटर मोकळा रस्ता ठेवतात, त्याच्यावर नंतर पार्किंगचे पट्टे मारले जाणार नाहीत हेही प्लॅनवर लिहून घ्या.

पाचवी पायरी: फ्लॅटच्या आत

खोलीचं क्षेत्रफळ बघू नका, रुंदी बघा. ११ बाय ९ ची बेडरूम घ्या. बेड सहा बाय साडेसहा. ११ फुटांच्या भिंतीला डोकं लावलं तर पायाशी अडीच फूट उरतात, तिथे कपाट बसत नाही. मग कपाट बाजूच्या भिंतीला, दोन फूट, बेड पलीकडच्या भिंतीला टेकवून मध्ये तीन फूट. बसलं. पण दार किंवा खिडकी त्या कपाटाच्या भिंतीवर आली तर नाही बसणार. म्हणजे दार दीड फूट इकडे की तिकडे यावर खोली चालते. प्रत्येक खोलीत असा खेळ खेळून बघा, पोरांना द्या हे काम, त्यांना आवडतं.

आतला पॅसेज तीन फूट बाय बारा फूट असला तरी ३६ फूट गेले, आणि त्याचेही कार्पेटमध्ये पैसे. बेसिनची जागा हॉलमधून थेट दिसते का, टॉयलेटचं दार डायनिंगसमोर उघडतं का, असल्या गोष्टी मेंबर लगेच पकडतात, त्यात मी काय सांगणार.

किचनला ड्राय बाल्कनी मागाच. वॉशिंग मशीन, भांडी घासायची जागा, ओला कचरा, सिलिंडर, हे सगळं कुठे जाणार? मुंबईत २०१२ पासून बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचा हिशेब) धरायला लागले, बदल्यात ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा एफएसआय, मिळाला, तेव्हापासून बाल्कन्या आक्रसल्या. मग लोक खिडकीबाहेर बॉक्स ग्रिल लावून कपडे वाळत घालतात. त्यापेक्षा प्रत्येक फ्लॅटला कपडे वाळवायची आणि एसीचं आउटडोअर युनिट ठेवायची जागा आधीच दाखवून घ्या, एसीचा लेज असा हवा की मेकॅनिकला दोरीला न लटकता पोचता आलं पाहिजे. दर उन्हाळ्यात आपण ही सर्कस बघतोच.

बांधकाम मायवानचं आहे का ते विचारा, म्हणजे ॲल्युमिनियम शटरिंगचं. काम झपाट्याने होतं, फिनिश छान येतं, पण त्यात बऱ्याचशा भिंती काँक्रीटच्या आणि लोड घेणाऱ्या असतात, नंतर एकही तोडता येत नाही, झिरी मारून वायर टाकणंही नाही. म्हणून मायवान असेल तर लाइटचे पॉइंट, एसीच्या पाइपची भोकं, वॉटर प्युरिफायर, सगळं स्लॅबच्या आधी ठरवावं लागतं. मुलगा पुढे दोन खोल्या एक करणार असं मनात असेल तर आत्ताच बोला.

सहावी पायरी: डक्ट

कोणालाच हा विषय आवडत नाही, आणि दहा वर्षांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुसरा विषयच नसतो. वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतात, मग नोटीस, मग प्लंबर, मग "आमच्याकडे सगळं ठीक आहे".

तीन गोष्टी बघा. एक, टॉयलेटखाली टॉयलेट आणि किचनखाली किचनच आहे का, सगळ्या मजल्यांवर. जुन्या मेंबरांचे आणि सेलचे फ्लॅट वेगवेगळ्या साइजचे असले की मध्ये कुठेतरी बेडरूमच्या डोक्यावर बाथरूम येतं. ते होऊ देऊ नका. दोन, डक्टमध्ये माणूस उतरू शकतो का. टॉयलेटच्या हवेसाठीच्या शाफ्टला नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे १८ मीटर उंचीपर्यंत ४ चौरस मीटर आणि निदान दीड मीटर रुंदी लागते, बिल्डिंग उंच तसा शाफ्ट मोठा. हे कागदावर पाळतात, पण मग त्यातच ड्रेनेजचे पाइप, पाण्याचे पाइप, कोणाचं एसी युनिट असं सगळं येतं. प्रत्येक दोन मजल्यांवर डक्टमध्ये जायला छोटं दार आणि उभं राहायला जाळीचा प्लॅटफॉर्म मागा. तीन, पाइप भिंतीत गाडू नका. लादीखाली, भिंतीत, कुठेच नको, शक्य तितके डक्टमध्ये उघडे. दिसायला बरं नसतं, पण डक्टमध्ये बघायला जातंय कोण!

सातवी पायरी: खालचा मजला

स्टिल्टचा प्लॅन घ्या आणि कॉलममधलं अंतर मोजा. गाडीला साधारण अडीच बाय पाच मीटर लागतात. दोन कॉलममध्ये पाच मीटर क्लिअर असेल तर दोन गाड्या, साडेसात असेल तर तीन. ६.८ असेल तर प्लॅनवर तीन दाखवतात आणि मधल्या गाडीचं दार उघडत नाही. टू-व्हीलरला प्रत्येकी एक बाय दोन मीटर धरून वेगळी जागा हवी, आणि ती रॅम्पच्या खालच्या टोकाला नको, पावसात तिथे घसरतात. स्टॅक किंवा पझल पार्किंग (मशिनने गाड्या एकावर एक ठेवणारं) दाखवलं असेल तर कोणती गाडी किती उंच मावते, लाइट गेल्यावर काय आणि मेंटेनन्स कोणाच्या खिशातून, हे लेखी घ्या. शक्य असेल तर मेंबरांचं पार्किंग साधं आणि मशिनवालं सेलला, असा आग्रह धरा. बिल्डर नको म्हणणारच. ईव्हीसाठी निदान रिकामे कंड्युट (वायरचे पाइप) आत्ता टाकून ठेवायला फार खर्च नाही.

खाली नुसते कॉलम आणि वर सगळ्या भिंती, अशा बिल्डिंगचा खालचा मजला भूकंपात कमजोर पडतो. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादला, तेवढ्या लांब असूनही, अशा पार्किंगवाल्या बिल्डिंगा पडल्या. घाबरायचं नाही, त्याचं डिझाइन करता येतं, शिअर वॉल (भूकंपाचा धक्का घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) जमिनीपर्यंत खाली आणायच्या, वगैरे. पण सोसायटीने स्वतःचे पैसे देऊन दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन तपासून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोजेक्टच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो.

मीटर रूम, पंप, अंडरग्राउंड टाकी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा किती सोसायट्यांच्या टाक्यांत गटाराचं पाणी शिरलं आणि मीटर पाण्याखाली गेले ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. तुमच्या रस्त्यावर तेव्हा, किंवा त्यानंतर कधीही, पाणी कुठपर्यंत चढलं हे जुन्या मेंबरांना विचारा, भिंतीवर खूण करा, आणि मीटर रूमची फरशी, पंपाचा पॅनेल आणि टाकीचं झाकण त्या खुणेच्या वर मागा. बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिकचं काहीही महत्त्वाचं ठेवू देऊ नका.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर. ४८ फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे ३२,४०० लिटर रोज. फायरचं पाणी याच्या वेगळं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात असाल तर टाकी दुप्पट. आणि पुण्याच्या उपनगरात असाल तर टँकर कुठे उभा राहणार ते बघा, टाकीचं तोंड गेटजवळ हवं, नाही तर दर उन्हाळ्यात तो दहा हजार लिटरचा टँकर पोरं खेळतात तिथून रिव्हर्स मारणार.

आठवी पायरी: बसायची जागा

ब्रोशरमध्ये जिम असते, मिनी थिएटर असतं, झुंबा डेक का काय ते असतं. यातलं दोन वर्षांनी काय चालू राहतं ते आजूबाजूच्या नव्या टॉवरमध्ये जाऊन वॉचमनला विचारा. मला विचाराल तर त्या सगळ्याच्या बदल्यात एक धड हॉल घ्या, शेजारी छोटं किचन आणि टॉयलेट असलेला, जिथे सत्यनारायण, बारसं, एजीएम, गणपती सगळं होईल. टॉयलेट विसरू नका, वॉचमन, ड्रायव्हर आणि कामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळं टॉयलेट तर अजिबात विसरू नका, निम्म्या प्लॅनमध्ये ते नसतंच.

मोकळी जागा मोठी असण्यापेक्षा बरोबर ठिकाणी हवी. कोरियांनीच सिडकोसाठी बेलापूरला ऐंशीच्या दशकात जी घरं केली त्यात सात घरांमध्ये मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचं अंगण, आणि अशा तीन गटांना मिळून पुढचं मोठं अंगण, अशी रचना होती. आठ मीटर म्हणजे काही फार नाही, पण घराचं दार तिथेच उघडतं म्हणून ती वापरली जाते. टॉवरमध्ये तेच करायचं तर लिफ्टच्या लॉबीबाहेर, जाता-येता दिसेल अशा ठिकाणी, सावलीत एक कट्टा. मागच्या कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मरशेजारी जे "सीनियर सिटिझन कॉर्नर" करतात तिथे कोणी बसत नाही.

गच्चीचाही प्लॅन मागा. सोलरला प्रत्येक किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर लागतात, त्यात टाक्या, लिफ्टची मशीन रूम, डिश अँटेना. उरलेल्यातला एक सलग तुकडा मेंबरांसाठी, आणि गच्ची सोसायटीची राहील, वरच्या फ्लॅटला जोडली जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत.

नववी पायरी: कागदावर बांधून घ्या

एवढं सगळं ठरलं आणि डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटला जोडलं नाही तर उपयोग शून्य. सगळे प्लॅन, फर्निचर आणि मापांसकट, ॲनेक्शर म्हणून लावा, प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या. "मंजुरीसाठी आवश्यक ते बदल करण्याचा अधिकार विकासकास राहील" असं एक वाक्य मसुद्यात नेहमी असतं. ते पूर्ण काढायला कोणी तयार होत नाही, पण पुढे जोडून घ्या, की लिफ्टचा साइज, जिना, पॅसेज, डक्ट, मेंबरच्या फ्लॅटची रुंदी आणि दिशा यांत बदल असेल तर जनरल बॉडीची लेखी मंजुरी लागेल. मग महापालिकेत सबमिट झालेला प्लॅन, आयओडी (अटींसह पहिली मंजुरी) आणि सीसीचा (काम सुरू करायचा दाखला) प्लॅन प्रत्येक वेळी ॲनेक्शरशी ताडून बघा. बदल इथेच घुसतात, आणि मेंबर तोवर भाड्याच्या घरात, ग्रुपवर गुड मॉर्निंग पाठवत बसलेले असतात.

साइटवर तीनदा टेप घेऊन जा. कॉलमची आखणी झाल्यावर, कारण पार्किंग आणि लिफ्टचा शाफ्ट तिथेच ठरतो. पहिल्या टिपिकल स्लॅबनंतर, डक्ट आणि सनकन बघायला. आणि भिंती झाल्यावर, प्लास्टरच्या आधी, खोल्यांची रुंदी मोजायला. याच तिसऱ्या फेरीत एका उत्साही मेंबरने प्रत्येक फ्लॅटच्या प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून फ्लॅट नंबरप्रमाणे फोल्डर करायचे, टेप भिंतीला लावून, म्हणजे पाइप आणि वायर कुठून गेल्यात ते दिसतं. ओसीच्या (राहायला जायचा दाखला) वेळी ॲज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्ष बांधलंय तशा, ड्रॉइंगच्या सोबत हे फोल्डर सेक्रेटरीच्या ताब्यात द्या, आणि एक कॉपी सोसायटीच्या ईमेलवर, कारण कमिटी बदलली की पेनड्राइव्ह कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसतं.